सातवा अंक

अंगठा पानाच्या पाठीवरून फिरला आणि त्याला काहीच लागलं नाही. एफीला आधी वाटलं, आपलीच बोटं गार पडलीत. मार्च उजाडला तरी वेस्ट पोर्टच्या त्या जुन्या पुस्तकांच्या दुकानात भिंतींतून थंडी पाझरत असे, आणि हीटर तर तिचा नवरा हेक्टर होता तेव्हापासूनच मनाला येईल तेव्हा चालायचा. तिनं हात काखेत धरून ऊब आणली आणि पुन्हा सुरुवात केली. आधीचं पान: पाठीवर बारीक खरखर, वाळत आलेल्या पुरळासारखी. पुढचं पान: तेच. ओल्या कागदावर छपाईचे शिशाचे खिळे दाबले की कागदाच्या पाठीला उठाव येतो, आणि पुस्तक कुणी धुतलं-चेपलं नसेल तर चारशे वर्षांनीही तो बोटाला कळतो. मधलं पान मात्र गुळगुळीत होतं. ती उठली, मागच्या खोलीत जाऊन तिनं किटली लावली, आणि पाणी उकळेपर्यंत खिडकीबाहेरच्या ओल्या दगडी भिंतीकडे बघत राहिली. दिवा आडवा धरून पानावरून उजेड सोडला की सगळं कळणार होतं. म्हणूनच तिला आधी चहा हवा होता.

चहा तसाच राहिला. दिवा टेबलाच्या कडेला टेकवून तिनं पान उजेडात धरलं. शेजारच्या पानावर आकड्यांच्या रांगांच्या बारीक सावल्या पडल्या होत्या. या पानावर सावलीच नव्हती. मग भिंग. शाई कागदात रुतलेली नव्हती, वर बसली होती, आणि एकेका आकड्याला सुरुवात होती, शेवट होता, मध्येच कुठे हात थबकल्याची जाड जागा होती. कागद मात्र खरा, त्याच काळातला. कुठल्यातरी दुसऱ्या जुन्या पुस्तकातलं कोरं पान काढून वापरलेलं. काम इतकं देखणं होतं की तिला क्षणभर अभिमान वाटला, आणि हा कशाचा अभिमान, हे कळायच्या आत तिची नजर एका साताच्या मानेवर गेली. मान डावीकडे जरा जास्तच कललेली. पुढचा सातही तसाच. हेक्टर दुकानातल्या पाट्या रंगवायचा तेव्हाही त्याचा सात असाच कलायचा, आणि ती त्याला म्हणायची, तुझा सात दारू पिऊन आलाय. हेक्टरला जाऊन बरीच वर्षं झाली होती. त्याच्या हाताची अशी अचानक गाठ पडेल असं तिला वाटलं नव्हतं.

पुस्तक तिच्या भावाचं होतं, तिच्याहून दोन वर्षांनी लहान असलेल्या नीनियनचं. पंज्याएवढं, पिवळट कातडी बांधणीचं, लॉगॅरिदमच्या कोष्टकांचं पुस्तक. ते गणित जगात आल्यावर दहा वर्षांच्या आत इथंच, एडिनबरोच्या हाय स्ट्रीटवरच्या एका बोळात छापलेलं. कर्त्याचं नाव त्यावर नाही. प्रती उरल्या त्या बोटांवर मोजण्याइतक्या, आणि त्यांतल्या बहुतेक खलाशांनी आणि जमीन मोजणाऱ्यांनी हाताळून हाताळून पानं गाळलेल्या. धड, पुरी प्रत म्हटलं की गिऱ्हाइकाचा श्वास बदलतो, हे एफीनं धंद्यात पाहिलं होतं. एक पान गेलं की किंमत निम्म्याच्या खाली. पण नीनियनची प्रत नुसती पुरी नव्हती. त्या मधल्या पानावर, तळाशी, एका संख्येचा सातवा, म्हणजे शेवटचा अंक आठ होता. बाकीच्या प्रत्येक प्रतीत तिथं तीन आहे, आणि तीन चूक आहे. नीनियनला हे सापडलं तेव्हा तो डालकीथच्या शाळेत गणित शिकवायचा. त्यानं निरनिराळ्या ग्रंथालयांतून त्या पानाचे फोटो मागवले, ताडून पाहिले आणि एक छोटा लेख लिहिला: छपाई चालू असताना कुणीतरी चूक पाहिली, यंत्र थांबवलं, तीनचा खिळा उपटून आठचा बसवला, त्या दुरुस्तीनंतर निघालेल्या कागदांपैकी हा एकच आज शिल्लक आहे. लेख छापून आला. जाणकारांनी तो मान्य केला, तोही फोटोवरून, कारण मूळ पुस्तक नीनियन घराबाहेर जाऊ देत नसे. घरातही ते काचेखाली; पान तो स्वतः उघडून धरणार, आपण हात मागे बांधून बघायचं. तेव्हापासून या पुस्तकाची कुठलीही प्रत लिलावाला आली की कॅटलॉगात खाली टीप असते: दुरुस्त पान फक्त कार्सवेल यांच्या प्रतीत. ख्रिसमसच्या जेवणात दोन ग्लास झाले की नीनियन म्हणायचा, आपल्या आडनावाचा जगात एवढाच एक दगड उभा आहे. आता तो हॉस्पिसमध्ये होता, पोटभर पसरलेला कॅन्सर घेऊन, आणि पुस्तक त्यानं ग्रंथालयाला देऊन टाकायचं ठरवलं होतं. वर्णन एफी लिहील, असं त्यानं त्यांना परस्पर सांगितलंही होतं. तिचा अंगठा म्हणजे सरकारी शिक्का आहे, असं तो म्हणाला होता.

चहावर साय धरली. एफी दिवा न विझवता बसून राहिली, आणि तिला टॉलक्रॉसच्या घरातलं स्वयंपाकघर आठवलं. आधी वास आला, काजळी आणि डिंक खलात घोटल्याचा, आणि त्यात मिसळलेला कांद्याच्या पातीचा. त्या हिवाळ्यात खाणकामगारांचा संप होता, संध्याकाळी वीज जायची. हेक्टर टेबलाच्या एका टोकाला दोन मेणबत्त्यांमध्ये वाकलेला, शेजारी कुठल्याशा ग्रंथालयातून आलेले फोटो. कुणा गिऱ्हाइकाचं पान गळलंय, त्याला वाचायला पुरं हवंय, असं काहीतरी तो म्हणाला होता. अशी पानं तो करायचा. त्यात लपवाछपवी नव्हती. पानाच्या पाठीवर खालच्या कोपऱ्यात तो पेन्सिलीनं एक बारीक फुली मारायचा, की हे माझं, जुनं नव्हे. एफी तेव्हा दुकानात नव्हती, ब्लॅकफर्ड हिलवर वेधशाळेत आकडेमोड करायला होती, आणि त्या वेळी सूपसाठी पात चिरत होती.

“एफी, हे बघ जरा. इथं काय आहे?”

“डाग आहे.”

“डागाखाली काय आहे?”

“मला काय ठाऊक? तीन असेल, पाच असेल, आठ असेल.”

“तू आकडेवाली ना? मग काढून दे की. का आमचं काम सरकारी वेळेत बसत नाही?”

तिनं हात पुसले. जुने लॉगॅरिदम आजच्यासारखे नसतात, त्यांना आजच्या कोष्टकातून वळसा घालून आणावं लागतं; पण ऑफिसचं मोठं कोष्टक तिच्या पिशवीत होतं आणि वीज नव्हती तरी डोकं चालू होतं. गॅसच्या बिलाच्या पाठीवर तिनं हिशेब केला. आठ, ती म्हणाली. नक्की? नक्की म्हणजे काय, गणित आहे ते. हेक्टरनं मान डोलावली आणि टाक बुडवला. मग ते सूप प्यायले. एवढंच. आता दुकानात तिनं पान पुन्हा उलटं केलं, कोपरा भिंगाखाली धरला. फुली नव्हती. खोडलेली असती तर कागद तिथे भुरभुरला असता. इथं ती मारलीच नव्हती.

म्हणजे यंत्र कुणी थांबवलं नव्हतं. खिळा कुणी उपटला नव्हता. चारशे वर्षांपूर्वी त्या बोळात तीन छापला गेला आणि तीनच राहिला, आणि आठ आला तो कांद्याची पात चिरताना. एफीला हसू आल्यासारखं झालं, पण ते टिकलं नाही. हेक्टरनं हे पुस्तक नीनियनला विकलं त्याच वसंतात. नीनियनची बायको मॅरियन त्या आधीच्या वर्षी गेली होती, तो घरात दिवे न लावता बसायचा, आणि हेक्टर म्हणाला होता, त्याला काहीतरी धरायला हवंय. ती दया होती की धंदा? नीनियननं पैसे दिले ते पिटनवीमचं वडिलांचं घर विकून आलेल्या वाट्यातून. एफीचा वाटा आधीच दुकानात गेला होता. म्हणजे ते घर शेवटी सगळंच दुकानात आलं, समुद्राकडच्या खिडकीसकट. आणि नंतर नीनियनचा लेख छापून आला तो तिनं वाचला होताच. निदान चाळला होता. लेखातला आठ आणि टॉलक्रॉसचा आठ तिच्या डोक्यात कधी समोरासमोर आले नव्हते. खरंच आले नव्हते? पन्नास-साठ हजार संख्यांतून गेलेलं डोकं, त्यात एक आठ हरवू शकतो. हरवू शकतो, असं तिनं स्वतःला दोनदा सांगितलं, आणि दुसऱ्यांदा ते कमी पटलं.

वडील पिटनवीमच्या बंदरात जहाजं आत आणायचे. रविवारी चर्चहून आल्यावर ते नौकानयनाची कोष्टकं टेबलावर ठेवून दोघांना प्रश्न घालायचे. उत्तर एफीच्या तोंडात आधी यायचं. वडील तिच्याकडे न बघता हात वर करायचे. “तू गप. त्याला सांगू दे.” नीनियन ओठ हलवत मोजायचा, कानाच्या पाळ्या लाल व्हायच्या, आणि ती टेबलाखाली त्याच्या गुडघ्यावर बोटांनी आकडे ठोकून त्याला उत्तर सांगायची. तो ते घ्यायचा आणि मोठ्यानं म्हणायचा. पुढे तो विद्यापीठात गेला. तिला सांगितलं गेलं की वेधशाळेत मुली घेतात, पगार बरा आहे, आणि लग्न होईपर्यंत ठीक. तिनं याचं कधी भांडवल केलं नाही. नीनियन चांगला होता, साधा होता, आईला दर महिन्याला पैसे पाठवायचा. पण आत्ता, त्या गुळगुळीत पानासमोर, तिला जे वाटलं ते दुःख नव्हतं, हे तिला स्पष्ट कळलं. भावाच्या आयुष्यात एक शोध लागला, आणि तोही तिचाच निघाला. ही गोष्ट त्याला सांगायला हवी, असं मन म्हणत होतं. खरं आहे म्हणून? की आपलं आहे म्हणून? दोन्ही उत्तरं एकाच आवाजात येत होती. तिला ती वेगळी करता येईनात.

फोन वाजला. ग्रंथालयातली शोना बिग्गार होती, जुन्या पुस्तकांच्या विभागातली, चाळिशीची, एफीकडूनच पानं मोजायला शिकलेली.

“मिसेस मुइर, घाई करत नाही हं. पण गुरुवारी आमची बैठक आहे. सगळं ठीक ना?”

“बांधणी मूळची आहे. कणा एकदा दुरुस्त केलेला.”

“आणि ते पान?”

“पान आहे.”

“असणारच की हो,” शोना हसली. “आमच्याकडे तर आत्तापासून भांडणं चाललीत, कुठल्या कपाटात ठेवायचं यावरून. शाळेच्या पोरांना दाखवणार आहोत. नीनियनना सांगा.”

एफीनं सांगते म्हटलं आणि फोन ठेवला. पानाचं खरं काय ते ती सांगणार नव्हती. वर्णन तसंच लिहून टाकावं, तिनं ठरवलं. माणूस आठ-दहा दिवसांचा सोबती, त्याला त्याचा दगड घेऊन जाऊ द्यावं. पुढे कधीतरी दुसरा कुणाचा अंगठा त्या पानावरून फिरेल तेव्हा तीही नसेल. दुपारी हॉस्पिसकडे जाणाऱ्या बसमध्ये बसेपर्यंत हे पक्कं होतं. मर्चिस्टनला बस थांबली. ज्या सरदारानं हे गणित शोधलं त्याचा दगडी बुरूज तिथं कॉलेजच्या इमारतींनी चारी बाजूंनी गिळलेला आहे; विद्यार्थी त्याच्या भिंतीला टेकून चिप्स खात होते. खोटी नोंद लिहायची. तिनं आयुष्यात एकही लिहिली नव्हती. एका बड्या गिऱ्हाइकानं एकदा, पुस्तकातला नकाशा नंतर घातलेला आहे हे गाळा म्हणून दम दिला होता, तेव्हा तिनं त्याला त्याचं पुस्तक दारापर्यंत नेऊन दिलं होतं. आणि आता. टेकड्या दिसू लागल्या तेव्हा तिला घाम आला होता, बाहेर गारांचा पाऊस पडत असून.

“कोट काढ,” नीनियन म्हणाला. “मेलो नाहीये अजून. कोट घालून बसलेलं माणूस बघितलं की पाद्री आल्यासारखं वाटतं.”

“बाहेर थंडी आहे.”

“आत नाहीये. इथं माणसाला मऊ उकडतात, मग पाठवतात.”

त्याचा चेहरा आठवड्यात आणखी आत गेला होता. नाक मोठं दिसत होतं, वडिलांचं. उशाशी औषधाचा पंप बारीक आवाज करत होता. ओठ ओले करायला काडीला लावलेला स्पंजचा बोळा होता. एफीनं तो पाण्यात बुडवून त्याच्या ओठांवर फिरवला. त्यानं तो चोखला, लहान मुलासारखा, आणि डोळे मिटून म्हणाला, “झालं लिहून?”

“होत आलंय.”

“लांबण लावू नकोस. तुझं आपलं असतं, अमुक डाग, तमुक भोक. त्या पानाबद्दल मात्र दोन वाक्यं जास्तीची लिही.”

“काय लिहू?”

“तेच की. थांबवलं त्यानं.” त्याची मान उशीवर कलली. झोपला असं तिला वाटलं. “मी त्याचं नाव ठेवलंय. तुला कधी सांगितलं नाही, हसली असतीस. डेव्ही. म्हातारा आहे, खिळे जुळवणारा, एक डोळा अधू. मालक ओरडतोय, कागद ओले आहेत, वाळतील, चालू दे. आणि हा म्हणतो, थांबा, तीन नाहीये तो. कोण बघणार होतं गं सातवा अंक? कुणीही नाही. तरी थांबवलं. मॅरियन गेल्यावर शाळेतून घरी यायचो ना, तर घरात तोच असायचा. मी त्याला दिवसभराचं सांगायचो. पोरांच्या चुकासुद्धा.”

एफीच्या हातात तो ओला बोळा होता. आता तर सांगणं शक्यच नाही, असं तिला वाटलं, आणि मोकळं वाटलं. तिनं त्याचं पांघरूण सारखं केलं. बोलता बोलता तो जरा तरतरीत झाला होता, शाळामास्तरासारखा एक बोट वर करून.

“तुला नाही तितकंसं कळायचं ते,” तो म्हणाला, मायेनंच म्हणाला. “तुम्ही वेधशाळेत आकडे लावायचात, पगार घ्यायचात. त्यात वाईट काही नाही. पण एका अंकासाठी सगळं थांबवायचं, त्याला गणितावर जीव असावा लागतो.”

“तो आठ माझा आहे,” एफी म्हणाली.

तिला तिचा आवाज ऐकू आला; शांत, दुकानातला. त्यानं डोळे उघडले. मग तिनं सगळं सांगितलं, क्रमानं, काही न गाळता: पाठीचा गुळगुळीतपणा, दिवा, हेक्टरचा सात, नसलेली फुली, संपाचा हिवाळा, फोटोवरचा डाग, गॅसचं बिल. सांगताना तिला जाणवत होतं की आपण चांगलं सांगतोय, आणि त्याची लाज वाटत असूनही ती थांबली नाही. पंप मध्ये एकदा टिकटिकला. खिडकीबाहेर टेकडीवर गारा वितळून काळे पट्टे उमटले होते.

“कसा काढलास?” त्यानं विचारलं.

ती चपापली. मग तिनं पद्धत सांगितली. तो ऐकत होता, ओठ हलत होते. “बरोबर आहे,” तो म्हणाला. “मीही तसाच पडताळला होता.” आणि मग, “मी लेख लिहिला तेव्हा हेक्टरला ठाऊक होतं.”

“असणारच.”

“बाटली घेऊन आला होता त्या संध्याकाळी. अभिनंदन करायला.” त्यानं मान भिंतीकडे वळवली. एफीला वाटलं, आता तो हेक्टरला शिव्या देईल. तिची तयारी होती, तीही दोन घालणार होती. आणि मनाच्या एका कोपऱ्यात ती वाट बघत होती, की तो म्हणेल, म्हणजे तूच होतीस तर. इतकी वर्षं घरात तूच होतीस. तेवढ्यासाठीच तिनं सांगितलं होतं, हे तिला त्या क्षणी कळलं.

“कुणीही चाललं असतं,” नीनियन भिंतीला म्हणाला. “हेक्टरचीच नुसती चूक असती, योगायोगानं बरोबर निघालेली, तरी चाललं असतं. तो तू नको होतीस, एफी.”

“का?”

त्यानं पांघरूण गुडघ्यांवरून वर ओढून घेतलं. “जा आता. दमलो मी.”

“उद्या येऊ?”

“नको.”

ती दुसऱ्या दिवशीही गेली, तिसऱ्याही. दाराजवळच्या टेबलापाशी बसलेल्या नर्सनं नजर न भिडवता सांगितलं की ते झोपलेत. एफी व्हरांड्यात बसून राहायची, कोट घालून. ट्रॉल्या जायच्या, बार्लीच्या सुपाचा वास यायचा, कुणाचीतरी नातवंडं माशांच्या टाकीवर नाक लावून उभी असायची. दार अर्धवट उघडं असलं तर तिला पलंगाचं पायतं दिसायचं आणि पांघरुणाखालची पावलं. एकदा आतून त्याचा आवाज आला. तो नर्सला काहीतरी विचारत होता, आणि नर्स हसली. म्हणजे झोपलेला नव्हता. शेवटच्या दिवशी तिला आत सोडलं, कारण आता हरकत घ्यायला तो तिथं उरला नव्हता, नुसता श्वास होता, लांब अंतरानं येणारा. तिनं त्याचा हात धरला. टेबलाखालचा तो गुडघा तिला आठवला, आणि तिची बोटं हलायला लागली ती तिनं मुठीत घट्ट आवळली. त्याच्या हातानं तिला ओळखलं की नाही, कळायला मार्ग नव्हता.

दहनाच्या वेळी शाळेचा एक माजी विद्यार्थी बोलला, गोरटेला, पन्नाशीचा, पूल बांधणारा इंजिनिअर. कार्सवेल सरांनी त्याला दाखवलेलं ते पान त्याला अजून आठवत होतं. सर म्हणायचे, कुणी बघत नसताना जो थांबतो तो माणूस. नंतर बाहेर सगळे पावसात छत्र्या उघडत होते तेव्हा तो एफीकडे आला, तिचा हात दोन्ही हातांत धरून म्हणाला, “तुम्हाला किती अभिमान वाटत असेल.” एफी म्हणाली, हो. दुसरं काय म्हणणार? नीनियननं डेव्हीबद्दल या माणसाला सांगितलं असेल का, असं तिला विचारावंसं वाटलं, पण त्याची बायको गाडीतून हॉर्न वाजवत होती.

पुढच्या आठवड्यात ती पुस्तक घेऊन स्वतः ग्रंथालयात गेली. शोनाच्या खोलीत दिवा होताच. एफीनं काही न बोलता पान उघडलं, शोनाचा अंगठा धरला आणि आधीच्या पानाच्या पाठीवरून फिरवला, मग या पानाच्या. शोनानं एकदा तिच्याकडे पाहिलं. मग तिनं स्वतःच दिवा आडवा केला, आणि बराच वेळ वाकून बघत राहिली, पुन्हा पुन्हा पान उलटत.

“अरे देवा,” ती हळू आवाजात म्हणाली. “हे किती दिवसांपासून माहीत आहे तुम्हाला?”

“ईस्टरच्या आधीपासून.”

“आणि त्यांना?”

“मी सांगितलं.”

शोना खुर्चीत मागे टेकली. चांगली बाई होती. तिनं पुढचं विचारलं नाही. दान तर घेऊच, ती म्हणाली, पण प्रत अपूर्ण म्हणून. ते पान काढून वेगळं ठेवावं लागेल, टिपा सगळीकडे बदलाव्या लागतील, अमेरिकेतल्या सूचीवाल्यांना कळवावं लागेल. विम्यासाठी ठरवलेली रक्कम आता हास्यास्पद झाली होती. हे सगळं ती हळूहळू, प्रत्येक वाक्य उशीसारखं मऊ करून सांगत होती. मग तिनं कॉम्प्युटर पुढे ओढला. एफी म्हणाली तसं ती लिहीत गेली. बांधणी. कणा. पानांचा क्रम. मधलं पान हातानं केलेली नक्कल, विसाव्या शतकातली.

“करणाऱ्याचं नाव घालायचं? नाही घातलं तरी चालेल, मिसेस मुइर.”

“घाल. हेक्टर मुइर.”

शोनानं लिहिलं. मग तिची बोटं थांबली. “पण एक सांगा. तो आठ आला कुठून? मूळ प्रतींत तीन आहे, आणि त्यानं फोटोवरूनच उतरवलं असणार. आठ तर बरोबर आहे. म्हणजे कुणीतरी हिशेब केला असला पाहिजे.”

बाहेर पुलावरून बस गेली, खिडकीची काच थरथरली. एफीनं आपले हात मांडीवर बघितले. सांगायला एक वाक्य पुरलं असतं. ते नोंदीत गेलं असतं, तिच्या नावानिशी, आणि मग जिथे जिथे या पुस्तकाचं नाव निघेल तिथे तेही निघालं असतं. वेधशाळेच्या कुठल्याही कागदावर तिचं नाव नव्हतं, मुलींची नावं तिथे लिहीत नसत. वाक्य तिच्या जिभेवर तयार होतं, आणि तिला त्याची चव येत होती. पण तिला डालकीथच्या त्या घराचं दार दिसलं, शाळेतून येऊन ते उघडणारा नीनियन, हातात वह्यांची चळत, आणि आत कुणीतरी असल्यासारखा बोलत बोलत आत येणारा. तिथं उभं राहायला तिला जागा सापडेना.

“हेक्टरला साधी बेरीज यायची नाही,” ती म्हणाली. “फोटोवर डाग होता. अंदाजानं ठोकून दिलं असेल काहीतरी.”

“म्हणजे चूकच.”

“हो. चूक.”

शोनानं लिहिलं आणि वाचून दाखवलं: तळाच्या संख्येतला सातवा अंक आठ, नक्कल करताना झालेली चूक. “असं बरोबर आहे ना?”

“बरोबर आहे,” एफी म्हणाली, आणि सहीसाठी पेन मागितलं.